अंधारातली हजेरी

वहिनींचा, म्हणजे आमच्या बाळूदादांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी काळ्या कोटाला इस्त्री करत होते. सकाळची वेळ, कपडेपटातला पंखा कुरकुरत होता. फोन उचलला तर पलीकडून कोणी बोलेना. नुसता भांड्यांचा आणि माणसांचा आवाज. "वहिनी?" मी विचारलं. परत विचारलं. मग त्या म्हणाल्या, "नाय गं..." आणि फोन कोणीतरी त्यांच्या हातातून काढून घेतला. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. आमच्या कामात 'नाय' म्हणजे काय ते मला दादांनीच शिकवलं होतं. इस्त्री बाजूला ठेवली, बटण बंद केलं, परत एकदा बंद आहे का ते पाहिलं, आणि ओव्याला त्यांच्या घरी जायला रिक्षा धरली.

बाळूदादा आमच्या रंगमंचामागच्या टोळीचे म्होरके. पनवेलला बाहेरगावचं नाटक आलं, की सेट उतरवण्यापासून दिवे सोडण्यापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. ओव्याचे आगरी. वडिलांची शेती होती, तिच्यावर आता इमारती उभ्या आहेत, आणि दादा त्या इमारतींकडे बोट दाखवून म्हणायचे, "तो तिसरा मजला हाय ना, तिथं आमचा वांग्याचा वाफा व्हता." मी दूर जंगलातल्या अहेरीच्या पलीकडची. सातवीनंतर शाळा सुटली. नवऱ्याला इकडे कंटेनरच्या गाडीवर काम मिळालं म्हणून कामोठ्यात आले आणि नाट्यगृहात खुर्च्या पुसायला लागले. एका प्रयोगाला कपडे सांभाळणारी बाई आलीच नाही. दादा खुर्च्यांच्या रांगेत येऊन उभे राहिले. "काय गो, सुई येते?" म्हटलं, येते. "मंग फडका ठेव नि चल." एवढ्यावर माझं आयुष्य बदललं. त्यांना ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, मना सुई पायजे व्हती, तुझा आयुष्य नाय.

पण विंगेतल्या अंधाराची मला फार भीती वाटायची. आमच्याकडे जंगलातला अंधारसुद्धा असा नसतो, त्याला वर चांदण्या असतात. त्यावर दादांची एक रीत होती. तिसऱ्या घंटेच्या आधी, पडदा बंद असताना, ते मंचावरचे सगळे दिवे घालवायचे आणि आम्ही आपापल्या जागेवरून हजेरी द्यायचो. पडद्याच्या दोरीजवळचा शंकर म्हणायचा, "पडदा हाय. सामान?" सामानवाला म्हणायचा, "सामान हाय. म्युझिक?" असं एकमेकांना विचारत शेवटी माझ्यापाशी यायचं. मी म्हणायची, "कपडे हाय. दादा?" आणि दुसऱ्या विंगेतून, दिव्यांच्या बटणांपासून आवाज यायचा, "हाय." मग उजेड. ते ऐकल्याशिवाय आमच्याकडे घंटा वाजत नसे. नाटकवाले हसायचे. हसू देत.

ही रीत कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी गावच्या जत्रेत नाटक होतं. अंधारात सेट बदलताना वरून कोणीतरी विचारलं, खाली कोण हाय काय? दादांनी 'आहे' म्हणून मान हलवली. "अंधारात गो. मान. कोनला दिसनार?" वरून फळी सोडली, आणि खाली त्यांचा जोडीदार होता. तो वाचला, पण पुन्हा सरळ चालला नाही. "तवापासून ठरवला. असला तर हाय म्हनायचा. जो बोलत नाय, त्याच्या आधीच्यानं नाय म्हनायचा. पर गप रायचा नाय. गप रायलेला मानूस पडला, का गेला, का झोपला, कसा कलनार?"

थंडीत कामोठ्याच्या एका शाळेची नववीची मुलं आली. पडद्यामागे कोणकोणती कामं असतात, त्यात पुढे काय करता येतं, हे पाहायला. मला आदल्या दिवसापासून धाकधूक. मी काय बोलू, कशी बोलू... दादांना म्हटलं, मी इस्त्री करत बसते, तुम्हीच बोला. "मी इस्त्रीवर काय बोलू? माझा शर्ट बघ." त्या सकाळी ते जरा वेगळेच वाटत होते. आल्याआल्या त्यांनी मला विचारलं, पडदा कुठल्या बाजूनं उघडतो? मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसले. ते हसले नाहीत. दोरीकडे बघत राहिले.

मुलं गोड होती, आणि धीट. एकानं विचारलं, "सर, यात स्कोप आहे का?" दादा म्हणाले, "स्कोपचा म्हाईत नाय, अंधार भरपूर हाय." सगळे हसले. दोन अंकांच्या मधे नटीची साडी मिनिटाभरात कशी बदलतो, ते मी एका मुलीला उभं करून दाखवलं. आधीच शिवून ठेवलेल्या निऱ्या, बटणांच्या जागी वेलक्रो. तीच मुलगी नंतर म्हणाली, "मॅम, तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" त्यांच्या बाई गडबडल्या, "असं विचारतात का?" माझे कान तापले. म्हटलं, सातवी. मागून दादा, "नि मी चौथी. दोनदा." पुन्हा सगळे हसले, आणि माझा जीव भांड्यात पडला. असं ते नेहमी करायचे. माझ्यावर आलेलं अर्धं स्वतःच्या अंगावर घ्यायचे.

मग ते म्हणाले, आता तुमाला आमचा खरा काम दाखवतो. मुलांना मंचाच्या मधोमध मांडी घालून बसवलं, पडदा बंद केला, आम्हाला जागेवर पाठवलं. त्या मुलीला माझ्याबरोबर विंगेत यायचं होतं, बाईंनी सोडलं. दिवे गेले. आधी खुसखुस, मग कोणीतरी भुताचा आवाज काढला, मग आपोआप सगळं शांत झालं. तो अंधार सगळ्यांनाच शांत करतो. पडदा हाय. सामान हाय. म्युझिक हाय. मी म्हटलं, "कपडे हाय. दादा?"

काही नाही.

"दादा?" मला वाटलं, मुलांना घाबरवतायत. मुलांनाही तेच वाटलं असणार, कोणीतरी तोंड दाबून हसलं. पण मला ते गप्प राहणं ओळखीचं वाटेना. ते गंमत करताना श्वास रोखून धरायचे, आणि तो रोखलेला श्वाससुद्धा ऐकू यायचा. आता पलीकडून काहीच येत नव्हतं, जणू तिथे भिंतच होती. मुलीनं माझी ओढणी घट्ट धरली. नियम मला माहीत होता. तोंडातून निघत नव्हतं. जिवंत माणसाचं नाव घेऊन कसं म्हणायचं... आणि मग मी ओरडले, "दादा नाय!"

शंकर चाचपडत पलीकडे गेला आणि बटण दाबलं. दादा तिथेच उभे होते. बोट बटणाजवळ, डोळे उघडे. आमच्याकडे बघत होते, पण आम्ही त्यांना दिसत नव्हतो. ओठाचा एक कोपरा किंचित खाली आला होता. मग पापणी हलली. त्यांनी मुलांकडे पाहिलं, हळूहळू सगळं जागेवर आणलं आणि म्हणाले, "बघा... याला म्हनतात नाटक." मुलांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या भेटीत टाळ्या तेवढ्या एकदाच वाजल्या.

मुलं गेल्यावर ते कपडेपटात आले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "जित्या मानसाला नाय म्हनतेस? पोरांसमोर?" मी म्हटलं, तुम्हीच शिकवलंत. "शिकवला म्हनून माज्यावरच?" आणि यातलं काहीही घरी सांगायचं नाही, असं बजावून गेले. मी त्याच दुपारी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "मना वाटतच व्हता गं. सकाली चहा मागितलान, नि कपाकडं बघून मांजराचा नाव घेतलान." आम्ही दोघी त्यावर हसलो, आणि हसता हसता त्या रडायला लागल्या.

डॉक्टर म्हणाले, मेंदूचा छोटा झटका येऊन गेलाय, वेळेत आणलंत. गोळ्या सुरू झाल्या. शिडी बंद. दादा परत आले ते प्लास्टिकची खुर्ची घेऊनच, बटणांच्या शेजारी मांडून बसायचे. माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मी हजेरीत "दादा?" म्हणायची, तेवढ्याला "हाय" म्हणायचे, बस्स. पण ते 'हाय' यायला आता वेळ लागू लागला होता. कधी थोडा, कधी जास्त. त्या वेळात मी काय काय ऐकायची... पडद्याच्या पलीकडे लोकांचं बसणं, खुर्च्यांचे आवाज. मला वाटायचं, मी एकदा म्हटलंय ते 'नाय'. तोंडातून गेलेलं आहे. ते कुठेतरी वाट बघत बसलंय.

मग एका संध्याकाळी, प्रयोगाआधी, त्यांनी मला खुर्चीपाशी बोलावलं. "तवा बोल्लीस, ते बराबर बोल्लीस. मी नव्हतोच." मी म्हटलं, असं काय बोलता दादा, उभे होतात. "उभा व्हतो. पर नव्हतो. कुठं व्हतो म्हाईत नाय. तुझा आवाज आयला, तवा कलला आपून हाव." मग म्हणाले, "परत तसा झाला तर परत बोल. लगेच बोल. घाबरतेस कनाला? बोलला म्हनून मानूस जात नाय गो. कोन बोलला नाय, म्हनून जातो." मी मान हलवली. ते माझ्याकडे बघत राहिले. "तोंडानं." मी म्हटलं, "हो."

पावसाच्या आधी ते गेले. घरी, सकाळी, अंगणात. वहिनी आत होत्या. त्यांनी हाक मारली, उत्तर आलं नाही.

त्यांच्या तेराव्यानंतर आमचा पहिला प्रयोग होता. हजेरी ठेवायची की नाही यावर कोणी काही बोललं नाही. शंकरला दादांच्या जागी दिव्यांवर घेतलं होतं, पडद्याच्या दोरीवर एक नवा मुलगा होता. त्यानं खुर्चीला हात लावला नाही, तो तिच्या शेजारी उभा राहिला. दिवे गेले. पडदा हाय. सामान हाय. म्युझिक हाय. कपडे? मी म्हटलं, "कपडे हाय." आणि पुढचं सवयीनं आपोआप निघालं, "दादा?"

कोणी हललं नाही. पलीकडे प्रेक्षक बसत होते, कुणाचं तरी बाळ रडत होतं, कोणीतरी मोठ्यानं खोकलं. निर्माता विंगेत येऊन कुजबुजला, काय झालं, घंटा द्या. शंकरनं घंटा दिली नाही. तो थांबला होता. सगळे माझ्यासाठी थांबले होते. मला वाटलं, गप्प राहिले तर अजून काही झालेलं नाही. अंधार आहे तोवर ते तिथे खुर्चीत आहेत, चिडवतायत... आणि मला त्यांचं "तोंडानं" आठवलं.

"दादा नाय," मी म्हटलं.

शंकरनं दिवा लावला.

अजूनही आम्ही तसंच करतो. नवीन मंडळी विचारतात, जे नाहीत त्यांना कशाला विचारता? मला नीट सांगता येत नाही. मी विचारते. जरा थांबते, कधी कधी जास्तच, उत्तर यायला त्यांना वेळ लागायचा म्हणून. मग सांगते.