जिला कुणीच खोली दिली नाही

ती घटना मला आजही तपशिलासकट आठवते. तिच्यात खरा दोष कुणाचा होता, ते कागदावर कधीच आलं नाही, हे त्याचं कारण.

मी तेव्हा धाराशिव जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी पोलीस निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत नदीकाठी जुना किल्ला आहे. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिलं की माणसंही ओळखता येतील. पावसाळा संपता संपता तिथं फार देखणं दृश्य असतं. तट हिरवे होतात, बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं आणि सोलापूर, लातूरकडून सुट्टीच्या दिवशी माणसं येतात. परदेशी माणूस मात्र वर्षातून एखाद-दुसराच.

एका शुक्रवारी दुपारी पोलीस अधीक्षकांचा फोन आला. साठीच्या आसपासची एक परदेशी बाई एकटीच प्रवास करत होती. मंगळवारपासून तिचा मुलीशी संपर्क नव्हता. मोबाईल बंद होता आणि शेवटचं लोकेशन आमच्या हद्दीतल्या टॉवरवर होतं. मुलीनं तिकडून दूतावासाला कळवलं आणि तिथून ते खाली येत येत माझ्या टेबलावर आलं.

"बाई किल्ला बघायला आली होती," साहेब म्हणाले. "पाण्यात वगैरे पडली असेल तर आधी ते बघा. मला वरून दर तासाला विचारणा होतेय."

बाई बेपत्ता असल्याची मिसिंग दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि दोन पथकं केली. एक किल्ल्यावर पाठवलं, दुसरं गावातल्या लॉजवर. किल्ल्यावरच्या चौकीदाराला बाई चांगली आठवत होती.

"बुरजावर बसून चित्र काढत व्हती साहेब. शांत बाई. पर सहलीची मंडळी आली अन् जो तो फोटोला उभा ऱ्हायला लागला. एकाचं झालं की दुसरा. तिनं वही मिटली अन् खाली उतरली. फाटकातनं बाहेर जाताना म्या स्वतः बघितलं."

चौकीदाराचं बोलणं सरळ होतं. तरीही मासे धरणाऱ्या दोघांना घेऊन बंधाऱ्याखालचं पाणी अंधार पडेपर्यंत तपासलं. काही मिळालं नाही. दुसरं पथकही हात हलवत आलं. गावात तीन लॉज. तिघांचंही उत्तर एकच, अशी बाई आमच्याकडे आलीच नाही.

शनिवारी सकाळी हजेरी घेत असताना एसटी स्टँडसमोर चहाची गाडी लावणारी बाई ठाण्यात आली. पोलीस ठाण्यात स्वतःहून येणारी माणसं थोडी, त्यामुळे तिला आधी बसवलं, पाणी दिलं.

"साहेब, माझं नाव कुठं यायला नको. ती गोरी बाई मंगळवारी माझ्याकडं चहा प्याली. ब्याग माझ्यापाशी ठिवून स्टँडामागच्या लॉजवर गेली. पाच मिन्टांत परत आली. मग दुसऱ्या लॉजवर गेली, मग तिसऱ्या. परत आली तवा डोळे भरलेले. लॉजवाले तुमाला खोटं बोलल्यात."

ही खबर महत्त्वाची होती. स्टँडामागच्या लॉजच्या मालकाला रजिस्टरसकट बोलावून घेतलं. पन्नाशीचा, नेटका माणूस. माझा अनुभव असा की घाबरलेल्या माणसाला दम दिला की तो आणखी मिटतो. म्हणून आधी चहा मागवला आणि काही न विचारता त्याच्यासमोरच रजिस्टरची पानं उलटत बसलो. मंगळवारच्या पानावर एक ओळ काळ्या पेनानं गिरगटून खोडलेली होती. पान उजेडासमोर धरलं. खोडलेल्या ओळीखाली इंग्रजीत नाव होतं, वळणदार अक्षरात. मिसिंगच्या कागदावर होतं तेच.

"ही ओळ कुणी खोडली?"

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला.

"बाई हरवलीय. तिची मुलगी रडतेय तिकडं. तुम्ही तिला काही केलं असं मी म्हणत नाही. पण शेवटी तुमच्या दारात ती होती."

"साहेब, मी तिला खोली देणार होतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तिनं नाव लिहिलं. मग पासपोर्ट पुढं केला. मी ओळ खोडली आणि खोली शिल्लक नाही म्हणून सांगितलं."

"का?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"मागच्या वर्षी एक परदेशी जोडपं ठेवलं होतं मी. परदेशी पाहुणा उतरला हे कळवायचा सी फॉर्म चोवीस तासांत ऑनलाइन भरायचा असतो. साइट उघडेना म्हणून ठाण्यात विचारायला आलो, तर मलाच दोन दिवस बाकड्यावर बसवलं. सुटताना तुम्ही म्हणालात, पुन्हा असली भानगड केलीस तर लॉजला कुलूप लावीन. बाकीच्या दोघांनाही ते माहीत आहे. गावात कुणीच परदेशी माणसाला खोली देत नाही साहेब. आम्ही आपसात ठरवलंय."

मला खरोखर काही आठवत नव्हतं. त्याला बसवून ठेवलं आणि मागच्या वर्षीची स्टेशन डायरी काढायला लावली. नोंद सापडली. 'लॉजचालकास समज देऊन सोडण्यात आले.' खाली सही माझी होती. त्या दिवशी कसला तरी बंदोबस्त असावा, मी वैतागलेला असावा. माझ्यासाठी ते एक वाक्य होतं, बोललो आणि विसरलो. त्या माणसानं मात्र वर्षभर त्याप्रमाणे धंदा चालवला होता, आणि ते चुकीचं आहे असं त्याला सांगायला कुणी गेलं नव्हतं.

डायरी मिटली. आधी बाई शोधायची होती.

चहावाल्या बाईला पुन्हा विचारलं. तिसऱ्या लॉजवाल्यानं पाहुणीला सोलापूरला जा म्हणून सांगितलं होतं. ती रस्त्यावर आली. आमच्याकडे दोन्ही दिशांच्या गाड्या महामार्गावरच थांबतात आणि बसची पाटी मराठीत असते. तिनं "सोलापूर?" असं विचारलं, गर्दीत कुणीतरी मान हलवली आणि ती चढली. गाडी होती मुरुमकडे जाणारी, म्हणजे बरोबर उलटी. चहावालीनं ओरडून सांगितलं, पण तोवर गाडी निघाली होती.

त्या गाडीचा कंडक्टर आगारातून फोनवर मिळाला. त्याला सगळं आठवत होतं. चूक कळल्यावर त्यानं बाईला एका फाट्यावर उतरवलं, हातानं खुणा करून समोरच्या बाजूला उभं राहायला सांगितलं. परतीची गाडी तासाभरात होती. वेळ संध्याकाळी पाचची. परतीच्या गाडीत मात्र अशी कुणी बाई चढली नव्हती.

त्या भागाचा बीट अंमलदार आणि एक महिला कॉन्स्टेबल यांना घेऊन मी फाट्यावर गेलो. ही कॉन्स्टेबल इंग्रजी विषय घेऊन बी.ए. झालेली, म्हणून मुद्दाम तिला घेतलं. फाट्यावर एक किराणा दुकान, बाकी दोन्ही बाजूंना ऊस आणि तूर. दुकानदारानं परदेशी बाई पाहिली नव्हती, मंगळवारी तो गावाला गेला होता. पोलीस चौकशीत माणसं विचारलं तेवढंच सांगतात. म्हणून मी प्रश्न बदलला. या तीन-चार दिवसांत नेहमीपेक्षा वेगळं काय झालं?

तो जरा विचार करून म्हणाला, "तसं काय न्हाय. हां, मळ्यातले अप्पा रोज ब्रेड अन् बिस्किटं न्यायला लागल्यात. त्यांच्या घरात दोघंच, अन् ज्वारीच्या भाकरीशिवाय त्यांचं जमत न्हाय. पाव्हणे आल्यात का म्हणून इचारलं, तर बोलले न्हाईत."

मळा फाट्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत होता. शेतातलं एकटं घर, अंगणात कडुलिंब. लिंबाखाली बाजेवर ती बाई बसली होती. उजवा पाय गुडघ्याखाली बांबूच्या कामट्यांनी बांधलेला, वर कसला तरी लेप. मांडीवर वही होती आणि समोर बसून घरच्या आजी, त्यांना सगळे अव्वा म्हणत, तूर निवडत होत्या. वहीत त्यांचंच चित्र अर्धं झालं होतं.

गणवेश दिसताच अव्वांच्या हातातलं सूप खाली पडलं. अप्पा गोठ्यातून धावत आले आणि हात जोडून उभे राहिले. साठी ओलांडलेला माणूस, कपाळावर विभूती. बायकोला ते कानडीत काहीतरी म्हणाले, मग माझ्याशी मराठीत बोलू लागले.

"साहेब, आमी काय केलं न्हाय. उसाची ट्राली आली म्हनून ही बाजूला सरली अन् पान्याच्या चारीत पडली. पाय मोडला. फोन पान्यात गेला. आमी बैलगाडीतनं घरी आणलं, हाडवैद्य बोलावला."

"मग कळवलं का नाही अप्पा? चार दिवस झाले."

"केस व्हती म्हनत्यात साहेब. परदेशी मानूस घरात ठिवलं की केस व्हती. शहरातले लॉजवालेबी ठेवत न्हाईत, मंग आमी कोन? पाय जरा टेकायला लागला की गाडीत बसवून देनार व्हतो."

अव्वा मधेच म्हणाल्या, "तीबी सारखी 'पोलीस, पोलीस' म्हनायची. आमाला वाटलं, आमचीच तक्रार करायची म्हनती. मला लई वाईट वाटलं. मी तिला न्हाऊ घालायची, अन् ही पोलिसाचं नाव घ्यायची."

कॉन्स्टेबलनं हे बाईला इंग्रजीतून सांगितलं. बाईनं अव्वांकडे पाहिलं, त्यांचा हात धरला आणि दोघी रडायला लागल्या. ती मदतीसाठी पोलीस म्हणत होती. मुलीचा नंबर पाठ नव्हता, तो फोनमध्येच होता. पोलीस हा एकच शब्द दोन्हीकडे सारखा आहे एवढं तिला माहीत होतं. त्या शब्दाचा त्या घरात अर्थ काय होतो, ते तिला कळायचं कारण नव्हतं.

मुलीशी माझ्या फोनवरून बोलणं करून दिलं. मग अधीक्षकांना कळवलं. ते खूश झाले, पण लगेच म्हणाले, "चार दिवस घरात ठेवलं, कळवलं नाही. डांबून ठेवल्याचा गुन्हा होतो का बघा. वरून विचारतील."

अंगणात अप्पा अजून हात जोडून उभे होते. मी म्हणालो, "साहेब, आधी बाईचा जबाब घेतो."

जबाब तिथंच घेतला. कॉन्स्टेबल विचारत होती, मी लिहून घेत होतो. बाईची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. या दोघांना त्रास झाला तर आपण इथून हलणार नाही, असं तिनं स्पष्ट सांगितलं. शेवटी तिनं पेन बाजूला ठेवायला लावलं आणि मला एक प्रश्न विचारला.

"त्या तिघांनी मला खोली का दिली नाही? मी काही चुकीचं वागले का?"

"तुमचं काही चुकलं नाही. परदेशी पाहुण्यांसाठी एक नियम आहे," मी म्हणालो.

"मग तो नियम पाळून मला राहता आलं नसतं का?"

आलं असतं. नियमात खोली नाकारा असं कुठंच लिहिलेलं नाही, फक्त कळवा एवढंच आहे. खोली नाकारायला लावणारा नियम मी तयार केला होता, एका वैतागलेल्या वाक्यात. हे मी तिला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "अॅम्ब्युलन्स येतेय."

सरकारी रुग्णालयात प्लास्टर घातलं. हाडवैद्यानं बांधलेलं सरळ होतं, असं डॉक्टर म्हणाले. बाईला पुढं तेर बघायचं होतं, धाराशिवची लेणी बघायची होती. ते राहिलं. तिसऱ्या दिवशी दूतावासाचा माणूस आला आणि ती गेली. जाण्याआधी अव्वांना रुग्णालयात बोलावून घेतलं आणि पूर्ण झालेलं चित्र दिलं. गुन्हा दाखल झाला नाही. मिसिंग व्यक्ती मिळून आली, प्रकरण निकाली, असा अहवाल मी पाठवला.

त्यानंतर तिन्ही लॉजवाल्यांना ठाण्यात बोलावलं आणि बाकड्यावर नाही, खुर्चीवर बसवलं. परदेशी पाहुणा आला तर खोली द्या, फॉर्म भरायला आमची कॉन्स्टेबल मदत करेल, असं सांगितलं. मागच्या वर्षीचं बोलणं चुकीचं होतं, हेही सांगितलं. तिघं माना हलवत होते. स्टँडामागचा मालक निघताना दारात थांबला आणि अदबीनं म्हणाला, "तुमचं खरंय साहेब. पण तुमची बदली झाल्यावर नवीन साहेब काय म्हणतील?"

सात महिन्यांनी बदली झालीच.

त्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी पर्यटनावर एक बैठक झाली. एवढं निसर्गसौंदर्य, एवढे किल्ले आणि लेणी असून परदेशी पर्यटक आपल्याकडे का येत नाहीत, हा विषय होता. हरवलेल्या परदेशी पाहुणीला सुखरूप शोधल्याबद्दल बैठकीच्या सुरुवातीलाच मला प्रशस्तिपत्र देण्यात आलं. टाळ्या झाल्या. मग एकेकानं कारणं सांगितली आणि एक अधिकारी ती फळ्यावर लिहीत गेले. रस्ते, स्वच्छतागृहं, इंग्रजी पाट्या, प्रशिक्षित गाईड, जाहिरात. सगळी कारणं खरीच होती.

शेवटी मला विचारलं, "तुमचा तर प्रत्यक्ष अनुभव आहे. काही राहिलंय का यादीत?"

नोकरीत मी शेकडो माणसांना खरं बोलायला लावलं. खरं बोलायला लागणारा वेळ मी इतरांच्या तोंडावर मोजलेला आहे. तो लॉजवाला माझ्यासमोर साधारण पंधरा मिनिटांत बोलला होता, तेही धंदा जायची भीती असताना. माझं तसं काहीच जाणार नव्हतं. मी प्रशस्तिपत्र मांडीवर धरून बसलो होतो.

"यादी पूर्ण आहे साहेब," मी म्हणालो.