बॉनेटखालचं हळदकुंकू

माझा जन्म रिक्षात झाला. सोलापुरात, दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात. आमच्या दारात तेव्हा पोलिसांची जीप उभी होती, टाकी भरलेली आणि किल्ली आप्पांच्या खिशात. आप्पा पोलीस खात्यात ड्रायव्हर होते. पण सरकारी गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही हा त्यांचा नियम, म्हणून कळा देणाऱ्या बायकोला ओट्यावर बसवून हे गृहस्थ रिक्षा शोधायला गेले. आई ही गोष्ट लग्नात सांगते, बारशात सांगते, कुणाच्या मयतीला गेली तरी सांगते. सांगताना तिचा आवाज चढत नाही. आप्पा समोर असले तर ते चष्मा काढून पुसत बसतात.

त्याच आप्पांनी म्हातारपणी ठरवलं, की आईसाठी गाडी घ्यायची तर पोलिसांनी वापरून काढलेलीच घ्यायची.

गाडीवाचून गत्यंतर नव्हतं. आईच्या किडन्या गेल्यात, आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागतं. हे दोघं मैंदर्गीला आणि मशीन सोलापुरात. मी सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करते, रजा घेऊन घेऊन किती घेणार. भाड्याची गाडी ठरवलेली होती. एका सकाळी त्या गाडीवाल्याला लग्नाचं भाडं मिळालं आणि त्यानं फोनच बंद करून ठेवला. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईची डायलिसिसची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी तिचे पाय सुजून खांबासारखे झाले, आडवं झालं की श्वास कोंडायला लागला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा पाळी चुकवू नका, चुकली तर मी कसलीच खात्री देणार नाही. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. ऑफिसात बसले तरी कान फोनकडे. दारात आपली गाडी पाहिजे, आणि किल्ली फिरवली की ती चालू झाली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. नवी घेण्याची ऐपत नव्हती.

"पोलिसांच्या गाडीसारखी गाडी न्हाय," आप्पा म्हणाले. "दणकट असती. येळच्या येळी ऑइल बदलत्यात. आन् आपल्याला परवडंल."

"आप्पा, त्या गाड्या आदळून आदळून खिळखिळ्या झालेल्या असतात."

"ते चालवणाऱ्यावर हाय."

"आणि चालवणारा कसा होता ते कसं कळणार?"

"कळतंय की."

आमच्या आप्पांचं 'कळतंय की' म्हणजे पुढं बोलायचं नाही. मग आमची वणवण सुरू झाली. आधी लिलावाचं कळलं म्हणून रजा टाकून गेलो, तर तिथं एकेक गाडी देत नव्हते, सगळ्या एकदम उचलायच्या. भंगारवाल्यांच्या गर्दीत आप्पा इस्त्रीचा शर्ट आणि जुनी खाकी पँट घालून उभे. गाडी बघायची किंवा चालवायची म्हटलं की त्यांच्या अंगावर खाकी पँट येते, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. त्यानंतर कुर्डुवाडीला एकाकडे अशी गाडी आहे असं कळलं. उन्हातून तिथं गेलो. आप्पांनी बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, बंद केलं आणि म्हणाले, "न्हाय."

गाडी चालू करून पण बघितली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्टेशनसमोर चहा घेताना मी धरलंच त्यांना. "काय बघितलं तुम्ही? मला सांगा तरी."

"हळदकुंकू," ते बशीत चहा ओतत म्हणाले.

मग सगळं सांगितलं. खंडेनवमीला खात्यातल्या गाड्या धुऊन पुसून त्यांची पूजा करतात. बहुतेक ड्रायव्हर पुढच्या जाळीला झेंडूचा हार घालतात, पेढा खाऊन मोकळे होतात. पण ज्याला इंजिनाची माया असते तो बॉनेट उघडतो आणि आतल्या पत्र्याला बोटानं हळदकुंकू लावतो. इंजिन धुतात, बॉनेटचा आतला कोपरा कुणी धूत नाही. तिथं दरवर्षीचं बोट राहतं. "थर बघायचा," आप्पा म्हणाले. "थर असला की समजायचं, हिला कुणीतरी जपलीया."

मी कपाळावर हात मारला. मी मोबाइलवर बघून बघून जुन्या गाडीत काय काय तपासायचं ते पाठ केलं होतं, आणि इथं मामला कुंकवावर अडलेला. पण खरं सांगू, त्या क्षणी मला हसूही आलं. ह्या माणसानं लग्नाची मुलगी तरी इतकी निरखून बघितली असेल का, असं वाटलं.

शेवटी मोहोळजवळ, हायवेच्या कडेला, जुन्या सरकारी गाड्या घेऊन विकणाऱ्या एकाच्या वखारीत ती सापडली. आप्पा एकेक बॉनेट उघडत गेले आणि मी मागं मागं, घड्याळ बघत. अगदी मागच्या रांगेत एक पांढरी चौकोनी जीप होती. तिचं बॉनेट वर केलं आणि आप्पा बराच वेळ वाकलेलेच. मला वाटलं कंबर धरली. जवळ गेले तर आतल्या कोपऱ्यात हळदकुंकवाचा हा एवढा जाड थर, देवळातल्या उंबऱ्यावर असतो तसा. आप्पांनी त्याला बोट लावलं आणि तेच बोट कपाळाला लावलं. मी घड्याळ बघायचं सोडलं. गाडी हायवेवर फिरवून बघितली, आवाज गोड, ओढ चांगली. घेतली.

विकणाऱ्यानं पोलीस लिहिलेली स्टिकरं काढली होती. पण इतकी वर्षं उन्हात राहून बाकीचा रंग पिवळट पडलेला आणि अक्षरांखालचा मात्र पांढराशुभ्र, त्यामुळे 'पोलीस' लांबूनही वाचता यायचं. आप्पांना ते सहन होईना. आता ती खात्याची नाही तर तसं दिसणं बरं नाही. घासघास घासलं, हाताची सालटी निघाली, अक्षरं तशीच. रंग मारायला गाडी गॅरेजला ठेवावी तर आईला कशातून न्यायचं. म्हणून त्यांनी 'खाजगी वाहन' असं कागदावर लिहून पुढच्या काचेला चिकटवलं.

"आता बसायची परवानगी हाय व्हय?" पहिल्या दिवशी आईनं विचारलं.

"हाय की," आप्पा खाली बघून म्हणाले.

ती मागं बसली. पुढं बस म्हटलं तर तिच्या माहेरच्या कन्नडात "साकू" म्हणाली, म्हणजे बास झालं. पण गाडी झकास चालली. आईच्या चार पाळ्या वेळेवर झाल्या, मी ऑफिसात जरा मान वर करून बसायला लागले. आणि मग ती सकाळ.

मी त्या दिवशी मैंदर्गीलाच होते, तिघं मिळून निघालो. अक्कलकोट गेलं, वळसंगच्या आसपास गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. आप्पांनी ढकलत, हाकत कडेला घेतली. बॉनेट उघडलं, नळी सोडवली, हातावर डिझेल घेतलं. डिझेल तांबडं होतं.

"टाकी गंजलीया," ते म्हणाले. "फिल्टर चोंदला. ही लई वर्सं उभी हुती."

"उभी होती? मग ते कुंकू?"

आप्पा त्या थराकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उतरलं ते मी बघितलं, आणि मला भीतीच वाटली. "नवरात्रात बंदोबस्त असतोय," ते म्हणाले. "चालत्या गाड्या सगळ्या भाईर. मग खंडेनवमीला आवारात जी बंद पडलेली गाडी असती, तिचीच पूजा करायची. जो येईल तो बोट लावतोय. मी सोता लावायचो की गं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय."

खरं तर मला ओरडायचं होतं. सगळा जन्म खात्यात गेला आणि पारख केली ती बंद गाडीची. पण मागं आई बसलेली, तिचा श्वास मला बाहेर ऐकू येत होता. मी दवाखान्यात फोन लावला. तिथली नर्स म्हणाली, थोडा वेळ मशीन धरून ठेवते, नंतर दुसरा पेशंट लावावा लागेल, आज पुन्हा नंबर लागणार नाही. अक्कलकोटच्या दोन गाडीवाल्यांना फोन केले. एक भाड्यावर गेलेला, दुसरा म्हणाला तासाभरानं निघतो.

मग मी रस्त्यात उभी राहून हात करायला लागले. आणि एकही गाडी थांबेना. थांबेल कशी. कडेला पोलिसांची जीप, खाकी पँट घातलेला माणूस, म्हणजे लोकांना वाटलं दंडाची पावती फाडायला उभे आहेत. मोटारसायकलवाले लांबूनच मागं वळत होते. एका कारवाल्यानं वेग कमी केला, मला वाटलं थांबतोय, तर त्यानं घाईघाईनं सीटबेल्ट ओढून लावला आणि सुसाट निघून गेला. एक टेम्पो सरळ शेताच्या वाटेला उतरला. 'खाजगी वाहन' कोण वाचतंय. मी रडकुंडीला आले. आईनं दार उघडून पाय बाहेर सोडले होते, ओठ निळसर दिसत होते. "असू दे गं," ती म्हणाली. "माझ्या नशिबात गाडी न्हायच."

आप्पांनी ते ऐकलं. त्यांनी शर्ट पँटीत नीट खोचला. गाडीच्या पुढं जाऊन रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, आणि हात वर केला. माझ्यासारखा हलवला नाही, तळवा समोर, कोपर ताठ, जसा चौकात करतात तसा. दुसऱ्या हातानं कडेची जागा दाखवली.

अक्कलकोटकडून येणारी लहान कार जागच्या जागी थांबली. आतून पन्नाशीचा एक माणूस उतरला, एकटाच, हातात लायसन आणि गाडीचे कागद. घाबरून म्हणाला, "साहेब, सगळं हाय. फकस्त पीयूसी संपलीया."

आप्पांनी कागदांकडे बघितलंही नाही. "पेशंट हाय," ते म्हणाले. आवाज मी कधी न ऐकलेला, खात्यातला. "सोलापूरला दवाखान्यात पोचवायचं. कुटं थांबायचं न्हाय."

"व्हय साहेब."

आम्ही दोघांनी धरून आईला त्या कारमध्ये पुढच्या सीटवर बसवलं, मी मागं बसले. आप्पांनी आईचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला. आईनं त्यांचं मनगट धरलं.

"अवो, नियमाला चालतंय व्हय ह्ये?"

"न्हाय चालत," आप्पा म्हणाले. "तू जा आता."

आम्ही वेळेत पोचलो. तो माणूस आईला धरून आतपर्यंत आला, मला पाणी आणून दिलं, माझा नंबर घेतला, आणि जाताना हळूच म्हणाला, "साहेबांना सांगा, पीयूसी आजच काढतो." मी मान हलवली. मशीन सुरू झालं, नळीतून आईचं रक्त फिरायला लागलं, तेव्हा कुठं मला बसायचं सुचलं. मी स्टुलावर बसले ती बसलेच.

दुपार कलल्यावर आप्पा आले. वळसंगचा मेकॅनिक आणून, फिल्टर धुऊन, जीप हळूहळू चालवत आणली होती. हात कोपरापर्यंत काळे. आईची पाळी संपत आली होती, ती डोळे मिटून पडलेली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, मग मला व्हरांड्यात बोलवावं असं वाटलं असणार, पण दारातच कुजबुजले.

"त्या माणसाचा नंबर हाय?"

"आहे. का?"

"त्याला सांगाया पायजे. मी पोलीस न्हाय म्हणून. मी त्याला फसिवलं. जन्मात कधी असं केलं न्हवतं मी."

मी पर्समधून फोन काढला. तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. आईनं डोळे उघडले नव्हते.

"सांगू नका," ती म्हणाली. "माझ्यासाठी केलेलं तेवढं एक ऱ्हाऊ द्या."

सवयीनं आप्पांचा हात चष्म्याकडे गेला, पण हाताला ग्रीस होतं. मी तो त्यांच्या डोळ्यांवरून काढून घेतला आणि माझ्या ओढणीनं पुसून दिला.