सुमन चिमाय

"होऊन राहिलं, भाऊ."

कोर्टाचं काय झालं, असं कुणीही विचारलं की ती एवढंच म्हणायची. डोक्यावरचं गिट्टीचं घमेलं एका हाताने सावरायची, दुसरा हात हवेत जरासा हलवायची आणि चालू पडायची. भिलाईत तेव्हा सगळंच होऊन राहिलं होतं. भट्ट्या, चिमण्या, रस्ते, क्वार्टर. त्यामुळे तिचं उत्तर कुणाला खटकत नसे. मला खटकायचं, कारण त्या प्रकरणात माझाही हात होता.

खुर्सीपारला तिची आणि माझी झोपडी लागून होती. ही भंडाऱ्याकडची माणसं. तिचा नवरा सोमा आणि मी एकाच ठेकेदाराकडे होतो. तो फिटरचा हेल्पर, मी हजेरीचा कारकून. नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नसत. तो तिला 'सुमनची माय' म्हणे, ती त्याला 'सुमनचा बाप'. सुमन ही त्यांची एकुलती एक पोरगी. अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. पण ही इतकी कडक, की नवऱ्याच्या नावाशी जुळतो म्हणून सोमवारसुद्धा तोंडातून काढायची नाही. आम्ही मुद्दाम विचारायचो, "वहिनी, रविवारनंतर कोणता वार येतो हो?"

ती पदर तोंडाला लावून हसायची. "सुट्टी सरते, तो वार."

सोमा कामाला लागला तेव्हा फंडाचा फॉर्म भरणारा बाबू हिंदी मुलखातला होता. माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायचा. "तुम्हारे बाद पैसा किसको मिलेगा? नाम बोलो."

सोमाने मान खाली घालून सांगितलं, "सुमनची माय."

बाबूने लिहिलं, सुमन चिमाय. नाव सुमन, आडनाव चिमाय. सोमाने खाली अंगठा लावला. हे सगळं मी पाहिलं. मला इतकं हसू आलं, की दुपारी चहावर मी तो किस्सा चार जणांना रंगवून सांगितला. दुरुस्त करायचं मात्र सुचलं नाही.

दोन वर्षांनी सोमा मुदतीच्या तापाने गेला.

कचेरीतल्या साहेबाने कागद काढला. सुमन चिमाय नावाची बाई हजर करा, नाहीतर कोर्टातून वारसाचा दाखला आणा. साहेब तरी दुसरं काय करणार? मी वहिनींना म्हणालो, "सहा महिन्यांत होऊन जाईल." कशाच्या जोरावर म्हणालो, कोण जाणे.

अर्ज लिहिताना मला तिचं खरं नाव पहिल्यांदा कळलं. ते इथे लिहीत नाही, तिला आवडलं नसतं. तिकडे गावी दिराने सुमनसाठी स्थळ बघायला सुरुवात केली होती. ती मला म्हणाली, "पैसे भेटले का सुमनले मॅट्रिक करतो मी. बापानं अंगठा लावला. पोरगी सही करीन."

मग दुर्गच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. वर्तमानपत्रात नोटीस, गावच्या चावडीवर नोटीस. गाव दुसऱ्या राज्यात. नोटीस जाऊन परत यायला सात महिने लागले, आणि परत आली ती गावाचं नाव चुकलं म्हणून. पुन्हा गेली. दिराची संमती हवी होती, तर तो धानाच्या कापणीत अडकलेला. तो आला तेव्हा न्यायाधीश बदलून गेले होते. नव्यांनी प्रकरण पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तोवर बाई रेजा झाली होती, बांधकामावर ओझी वाहत होती. प्रत्येक तारखेला एक रोजी बुडायची. कोर्टाचे कागद ती नवऱ्याच्या जेवणाच्या डब्यात ठेवायची. डबा उघडला की लोणच्याचा वास यायचा आणि वकीलसाहेब नाक मुरडायचे. सुमन चौथीतून सातवीत गेली.

एकदा दुर्गच्या गाडीत मी तिला तो चहावरचा किस्सा सांगून टाकला. पोटात ठेववेना.

"तुमी हासले, त्यात का झालं?" ती म्हणाली. "नाव तं त्यानंच नाई सांगतलं. सांगून देलं असतं, तं मलेच राग आला असता."

अखेर जबानीचा दिवस आला. न्यायाधीशांनी विचारलं, "मृतक का नाम?"

"सुमनचा बाप."

"नाम बताइए."

"कागदावर आहे न जी."

माणूस समजूतदार होता. म्हणाला, रिवाज मैं समझता हूँ, लेकिन शपथ पर नाम आपको ही बोलना होगा. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द आला नाही. तारीख अडीच महिन्यांनी पडली.

परतताना माझं डोकं फिरलं. "वहिनी, माणूस गेला! आता नाव घेतल्यानं कुणाचं आयुष्य कमी होणार आहे? तिकडे पोरीचं लग्न ठरतंय!" तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला बोलल्याची लाज वाटली, पण शब्द परत घेता येईना.

पुढच्या तारखेला तिला तोच प्रश्न विचारला गेला. तिने पिंजऱ्याची लाकडी पट्टी दोन्ही हातांनी धरली.

"सोमा."

"पूरा नाम."

"सोमा गणपत वाघाडे." आवाज इतका मोठा, की बाहेरचा पट्टेवाला आत डोकावला.

न्यायाधीशांनी मान हलवली आणि दाखल्याचा हुकूम लिहायला सांगितला. साडेतीन वर्षांचं काम त्या तीन शब्दांवर अडलं होतं. सुमनची शाळा वाचली होती. मी जवळजवळ धावतच बाहेर आलो. "वहिनी, झालं! सुटलो आपण!"

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती.

"भाऊ, मले वाटे, मी नाव नाई घेतलं तं तो कुठी ना कुठी असन," ती म्हणाली. "आज मीनंच मारलं त्याले."

सोमा गेला तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी, कोर्टाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर ती रडली. मी शेजारी उभा होतो. आमची गाडी निघून गेली, तिच्यानंतरचीही गेली, तरी मला तिला ऊठ म्हणवेना.