जुन्या विंडोजचं दावं

आमच्या कॉम्प्युटरला दोन हार्डडिस्क. एकीवर नवी विंडोज, दुसरीवर पार म्हातारी झालेली जुनी. चालू केला की विचारायचा, कुठली उघडू? मी नवी उघडायचो, माझे आजोबा म्हणजे आबा जुनी. कारण जुनीच्या पडद्यावर आमची म्हैस होती.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी नटवून मोटारसायकलमागे पळवतात, तेव्हाचा फोटो. शिंगांना मोरपिसं, गळ्यात घुंगरमाळ आणि शेजारी आबा, बक्षीस स्वतःलाच मिळाल्यासारखे. पुढे म्हैस आजारी पडून गेली. आबा गोठ्यात बसून रडले होते. त्या फोटोची दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती.

जुनी विंडोज फुकटची जागा अडवून बसली होती. मला ती काढायचीच होती.

"आधी म्हस नव्यात आण, मग काढ," आबांनी अट घातली.

आणली. पडद्यावर लावली, तर वरून शिंगंच छाटली गेली.

"भुंडी केलीस की रं तिला!"

शिंगं परत येईपर्यंत मी मेटाकुटीला आलो. मग परवानगी मिळाली. जुनी डिस्क साफ पुसली, कॉम्प्युटर बंद केला. उन्हाळ्यात आम्ही त्याच्या डब्याचं झाकण काढूनच ठेवतो. आबांनी आत डोकावून विचारलं, "जुनी कुठल्या वायरीला हुती?"

"ती लाल," म्हणालो आणि मिसळ खायला गेलो.

परत येऊन बटण दाबलं, तर काळा पडदा आणि विंडोज सापडत नाही अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ. पुसताना नवीच पुसली की काय? बंद केला, चालू केला, डब्याला एक चापटही मारली.

"गेली?" आबांनी विचारलं.

"गेली वाटतं."

मला त्यांच्याकडे बघवेना. आबा मटकन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "दावं तरी हाय," आणि गोठ्याकडे गेले.

आमच्यात जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातली दोरी, म्हणजे दावं, देत नाहीत. ते घरच्या खुंटीलाच राहतं. आबा म्हशीचं दावं घेऊन आले. त्याला एक लाल वायर गुंडाळलेली होती.

"ही कुठनं आणली?"

"तूच दाखवलीस की! जुनी गेली, म्हटलं तिचं बी दावं ठिवावं."

डब्यात लाल वायरी दोन होत्या. आबांनी नवीची सोडली होती.

मी असा ओरडलो की शेजारच्या काकू पिठाच्या हातानं धावत आल्या. वायर जोडली. म्हैस आली, शिंगांसकट. मग आबांच्या हट्टापायी जुनीची वायर काढून त्यांना दिली. ज्या जागेसाठी एवढा खटाटोप केला, ती डिस्क आता तशीच मोकळी पडून आहे.

वायर गोठ्यातल्या खुंटीला टांगून आबा आले आणि पडद्यावरच्या म्हशीच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. काचेवर शेणाची बोटं उमटली. पुसायला मी फडकं उचललं.

"हात लावू नगंस तिला," आबा गुरकावले. "तुझा भरवसा न्हाय."