पाचच्या आत खिडकी उघडायची नाही

उन्हाळा लागला की आमच्या घरात माझा कायदा चालतो. सकाळी नऊच्या आत सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पश्चिमेच्या खिडकीला ओलं गोणपाट. मग संध्याकाळी पाचपर्यंत कुणी खिडकीला हात लावायचा नाही. विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत घराघरावर एसी लोंबतात, आमच्याकडे एकही नाही, आणि त्याची मला भारी मिजास होती. रिकाम्या खोलीत कुणी पंखा चालू ठेवला की माझं तोंड सुटलंच म्हणून समजा.

हे वळण माहेरचं, रहिमतपूरचं. वडील फौजी. सुट्टीवर आले की घरातून निघताना आधी मेन स्विच खाली करायचे, मग कुलूप लावायचे. जत्रेला जायचं असो की मयताला. "माणूस नाही तिथं वीज कशाला?" म्हणायचे. मीही तेच करत आले. चार-पाच तास दार न उघडता फ्रीजला काही होत नाही, आणि घर कसं निवांत झोपल्यासारखं वाटतं.

घरात आम्ही दोघीच. नवरा पुण्याला नोकरीला, शनिवारी येतो. दुसऱ्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. ऐंशीला टेकल्यात, कानानं मंद, पण हाताला चैन नाही. मागच्याच आठवड्यात त्यांनी चारला खिडकी उघडली होती, घुसमटतंय म्हणून. मी बाहेरून आले आणि बघितलं मात्र, "दिवसभर राखलेला गारवा गल्लीला वाटून टाकला का?" असं काहीबाही बोलले. बोलायला काय जातंय! आत्यांनी मुकाट्यानं खिडकी लावली.

त्या दिवशी मला इस्लामपूरला लग्नाला जायचं होतं. आत्या पहाटेच शेजारच्या काकूंकडं कुरडया घालायला गेल्या होत्या. जेवणही तिकडंच होतं, मी येईपर्यंत तिथंच बसायचं ठरलं होतं. साडेदहाला मी न्हाऊन साडी नेसले, मागच्या दाराची आतून कडी घातली, दाराबाहेरच्या भिंतीवरचा मेन खाली ओढला, कुलूप लावलं आणि निघाले. मधल्या खोलीचं दार पुढं लोटलेलं होतं. ते उघडून बघायचं काही कारणच नव्हतं.

लग्न लागलं, पंगत उठली. तीन वाजता मी काकूंना फोन केला, की मला यायला उशीर होईल, आत्यांना चहा द्या.

काकू म्हणाल्या, "म्हणजे? त्या तुझ्यासंगं लग्नाला गेल्या न्हाईत व्हय?"

"माझ्यासंगं? काकू, त्या तुमच्याकडं होत्या ना?"

"अगं, डोकं दुखतंय म्हणून दहालाच घरी गेल्या. जेवल्या पण न्हाईत. मागच्या दारानं गेलेल्या मी बघितलं की. मी म्हटलं तू आग्रह करून नेलं असशील."

मी न्हाणीत होते तेव्हा त्या आल्या असणार, मधल्या खोलीत पडल्या असणार. मग मी कडी घातली, मेन ओढला, कुलूप लावलं. बंद खिडक्या, बंद पंखा, आणि आत एक म्हातारं माणूस. साडेचार तास झाले होते.

"काकू, आधी मेन वर करा. मग दार वाजवा. कुलूप फोडा. काय वाट्टेल ते करा."

मी नेसल्या साडीनिशी स्टँडवर धावले. सांगलीची गाडी सुटतच होती. फोन कानालाच होता.

"मेन वर केला बघ," काकू धापा टाकत म्हणाल्या. "आत पंखा सुरू झाला. खडखड ऐकू येती."

मी निघताना एकही पंखा चालू नव्हता. खोलीतून बाहेर येताना बटण बंद करायची सवय माझ्या हाडात मुरलेली. म्हणजे आत्यांनीच लाईट गेल्यावर बटण दाबून बघितलं होतं. त्या आत होत्या. आता त्यात शंकाच उरली नाही.

"आणि आत्या?"

"हाका मारतोय गं. त्यांचा काय आवाज न्हाई."

त्यानंतर फोन लागेना. मी लावत राहिले. आष्टा आलं. गाडी थांबली, माणसं सावकाश उतरली, सावकाश चढली, आणि मला एकेकाला ओढून आत घ्यावंसं वाटत होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "आवं, काय झालं ताई?" काय सांगू? सासूला कोंडून लग्नाला गेले होते? डोळ्यांपुढं सारखी ती मधली खोली येत होती. मी आयुष्यात अशी भ्यायले नाही, बाळंतपणातसुद्धा नाही. देवाला म्हटलं, हवं तर माझी वाचा जाऊ दे, पण त्या बोलू देत. वडिलांचं ते वाक्य मनात घुमत होतं. माणूस नाही तिथं. आत माणूस आहे की नाही एवढंही मी बघितलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरले तर दारात ही गर्दी. फुटलेलं कुलूप पायरीवर पडलेलं, बाजूला काकूंच्या पाट्याचा वरवंटा. कुणीतरी दंडाला धरून आत नेलं.

आत्या मधल्या खोलीत फरशीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावर ओला पंचा, तोंड लालबुंद, ओठ कोरडे पडलेले. काकू चमच्यानं साखरमिठाचं पाणी पाजत होत्या. डॉक्टर येऊन गेले होते. अजून तासभर गेला असता तर हाती लागल्या नसत्या, असं म्हणाले म्हणे. मी धपकन त्यांच्यापुढं बसले आणि हमसून हमसून रडायला लागले.

"आवं आत्या, निदान एक खिडकी तरी उघडायची. हाताशी तर होती!"

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज अगदी खोल गेला होता.

"लाईट गेली म्हटलं, यील. लय उकडाय लागलं तवा उठलीवती मी. खिटीला हात बी लावला." त्या थांबल्या, एक घोट घेतला. "पर पाच वाजलं न्हवतं. म्हटलं, तू चिडशील."

वर पंखा खडखडत होता. काकू माझ्याकडं न बघता ग्लासातलं पाणी ढवळत राहिल्या. एवढ्या वाटेनं मी भीत आले होते, आणि ही बाई साडेचार तास मला भिऊन त्या खिडकीखाली पडून होती.

मी उठून खिडकीशी गेले. गडबडीत ती अजून कुणी उघडलीच नव्हती, मी खिटी ओढायला लागले. मागून आत्यांनी विचारलं, "किती वाजलं गं?"

"साडेचार," काकू म्हणाल्या.

"मंग ऱ्हाऊ दे की," आत्या म्हणाल्या. "अजून अर्धा तास हाय."