नवसाची शेंग

सोयाबीनचं फूल काय चीज असते, ते ज्यानं चिमट्यानं उघडलंय त्यालाच विचारावं. तांदळाच्या दाण्याएवढी कळी, तीही उमलायच्या आत फोडायची, आतले पुंकेसर उपटायचे आणि दुसऱ्या वाणाचे पराग चोळायचे. मान मोडून जायची. कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या सरकारी शेतावर त्या पावसाळ्यात मी हेच करत होतो. परदेशी पिवळ्या वाणाला दाणे भरपूर, उत्तरेकडच्या काळ्या वाणात प्रथिनं जास्त. दोघांचं लग्न लावायचं होतं.

संकर केलेल्या फुलाखाली मी खूण म्हणून लाल दोरा बांधायचो. बहुतेक फुलं गळली. धरली ती एकच शेंग. सगळा हंगाम तिच्यावर येऊन टेकला.

एके सकाळी पाहतो तर त्याच झाडाला लुगड्याच्या काठाची हिरवी चिंधी! तण काढायला, भांगलणीला येणाऱ्या बायकांत एक मावशी होती. तिचा एकुलता लेक पलटणीत आणि तिकडे सीमेवर लढाई पेटलेली. माझा दोरा बघून तिला वाटलं, साहेबानं नवस बोललाय, म्हणजे झाड जागृत असणार. तिनंही बोलून टाकला.

"आवं मावशी, खूण हाय ती, नवस न्हाई!" मी तिच्याच बोलीत ओरडलो.

"आसू द्या. म्या तर बोलले न्हवं? पोरगं घरला येस्तवर ह्या झाडाचं काय तोडायचं न्हाई."

माझं डोकंच सणकलं. शेंग वाळली की उन्हात तडकते आणि दाणे मातीत जातात, हे तिला परोपरीनं सांगितलं. तिनं मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाली. तोडलीच असती मी, कोण अडवणार होतं? पण रोज दुपारी भाकरी सोडायच्या आधी ती त्या झाडापाशी जाऊन उभी राहायची. ते बघून माझा हात पुढे होईना.

शेवटी मी म्हटलं, "तोडत नाही, नुसती पिशवी बांधतो. चालेल?" तिनं बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराची चिमुकली पिशवी स्वतःच शिवून आणली.

लढाई थांबली, तरी पोराची खबर नाही. भोवतालचं सोयाबीन काढून झालं, मोकळ्या रानात ते एकटं झाड उभं. शेतावरची माणसं मला हसायची. हसेनात का!

दिवाळीच्या अलीकडे एका दुपारी मावशी बांधावरून लगबगीनं येताना दिसली. मागून खांद्यावर ट्रंक घेतलेला उंच जवान. माझे डोळे भरून आले. ती मात्र माझ्यावरच खेकसली.

"आवं सायेब, बगत काय ऱ्हायलाय? आदी तुमचं बी काडा की!"

पिशवीत दोन दाणे निघाले, दोन्ही टपोरे. पोराला तिनं अजून घरचं पाणीसुद्धा दिलं नव्हतं.