पडलेला मावळा

शिवजयंतीला लढाईचा देखावा करायला आमच्या मंडळाने पडेगावहून एक कारागीर आणला होता. त्याचं नाव कुणी विचारलं नाही. अध्यक्षांचं मात्र बॅनरवर जागोजागी होतं. तो बोटभर उंचीचे मातीचे सैनिक रंगवायचा आणि ब्रशचं टोक ओठांनी सारखं करायचा, त्यामुळे संध्याकाळपर्यंत त्याचे ओठ भगवे होत.

शत्रूचे सैनिक त्याने आडवे पाडले, ते सगळ्यांना आवडलं. मग त्याने आपलेही काही मावळे पाडले. अध्यक्ष भडकले.

"आपला एकही माणूस पडलेला दिसता कामा नये!"

"मग लढाई कशाला म्हणायचं साहेब? वरात म्हणा. एक तरी राहू द्या, पडले त्यांच्यामुळंच जिंकलो ना?"

"नाही म्हणजे नाही."

त्याने पडलेले सगळे मावळे उचलून उभे केले. उद्घाटनाला अध्यक्ष शौर्यावर भरपूर बोलले आणि देखाव्याकडे वळले, तर तोफेमागे एक मावळा आडवा.

"हा कसा मेला?"

"मेला नाय साहेब. भाषण लई लांबलं, झोप लागली त्याला."

लोक हसले, म्हणून अध्यक्षांनाही हसावं लागलं. त्या लढाईत आमचा एकच माणूस मेला, आणि तोही हशामुळे वाचला.